ढाल वहिनीकडे, तलवार माझ्याकडे

वहिनीशी माझं कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंही आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

आमचं घर अमरावतीचं, राजापेठेतलं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील वकील झाले, मग दादाही वकील झाला. वहिनी रिद्धपूरजवळच्या एका शेतकरी घरातली, महानुभाव पंथाची; रिद्धपूर हे त्यांचं तीर्थ. दादानं स्वतःच्या पसंतीनं तिच्याशी लग्न केलं. घरात कोणी आवाज चढवला नाही. फक्त सगळे जपून वागायला लागले. आई देवघरात असली की वहिनी त्या बाजूला जायची नाही, आणि वहिनीचे माहेरचे लोक आले, त्यांच्या रीतीनं 'दंडवत' म्हणाले, की आई हसून मान हलवायची आणि चहा ठेवायला आत जायची. पुढं माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला, जठारपेठेत आले. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं, निवृत्तही झाले. माहेरी गेले की वहिनी विचारायची, "ताई, गाडी मिळाली का बरोबर?" आणि निघताना म्हणायची, "पोचल्या की फोन करा." आईचं सगळं तिनंच केलं. आई गेल्यावर आमचे फोन सणावारापुरते उरले.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भाची, म्हणजे दादाची मुलगी, बंगळुरूहून आली ती दोन मोठे चष्मे घेऊन. डोळ्यांवर डब्यासारखे बसणारे. ते लावले की आपली खोली नाहीशी होते आणि दुसरीच जागा दिसते. दोन्ही हातांत धरायला दोन मुठी. मला आणि वहिनीला दोघींनाही शुगर, दोघींनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि दोघीही चालत नव्हतो.

"आई, एक तुला, एक आत्याला," भाची म्हणाली. "ती अकोल्यात, तू अमरावतीत. आत गेलात की शेजारी-शेजारी उभ्या दिसाल. बोलणंही ऐकू येईल. किल्ल्याचे दरवाजे उघडायचे, तलवारीनं लढत लढत."

"लढायचं कोणासंगं?" वहिनीनं विचारलं. "माणसं हायेत का ते?"

"लाकडाचे बाहुले आहेत."

"रगत निघते का?"

"भुसा निघतो, आई."

वहिनीनं थोडा विचार केला. तिच्या घरात मुंगीलाही कोणी पायाखाली येऊ देत नाही. "मंग चालते," ती म्हणाली.

खेळाचा नियम सोपा होता. दोघी मिळूनच पुढे जाता येतं. एक पडली तर दुसरीनं तिचा हात धरून उभं करायचं. दोघी पडल्या की तो दरवाजा पुन्हा पहिल्यापासून. दुपारी चारच्या सुमारास, दादा कोर्टात आणि माझे यजमान झोपलेले असताना, आम्ही आपापल्या घरातल्या खुर्च्या बाजूला सारून उभ्या राहायचो.

पहिले काही दिवस आम्ही खूप मार खाल्ला. समोरून लाकडी शिपाई यायचा आणि वहिनी म्हणायची, "ताई, तुमी मारा आधी." मी म्हणायची, "नाही वहिनी, तुम्ही मारा." तेवढ्यात तो दोघींनाही मारून मोकळा व्हायचा. एकदा भाची बंगळुरूहून आत शिरून हे ऐकत होती. हसून हसून तिला बोलता येईना. "आत्या, पंगतीत आग्रह करून राहिल्या का तुम्ही?"

शेवटी वहिनीनंच वाटणी केली. "मले मारणं जमत नाही. मी अडवतो, तुमी मारा." तिनं ढाल घेतली, मी तलवार. त्या दिवसापासून आमचं बरं चालायला लागलं. पहिला दरवाजा आम्ही संक्रांतीच्या आत उघडला.

दुसऱ्या दरवाज्याला मात्र शिपाई जिन्यावरून, पाठीमागून, कुठूनही येत. एका दुपारी मी समोरच्याशी लढण्यात गुंगले होते आणि कानात वहिनीचा आवाज आला, "अवं मांगं पाह्य न तू! काय करून राहिली?"

मी वळले, मारलं, भुसा उडाला. सगळे शिपाई संपले.

"ताई, चुकून निघालं तोंडातून," वहिनी म्हणाली.

"राहू द्या," मी म्हटलं. मग म्हटलं, "राहू दे."

ती माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठी. तिनं मला 'तू' म्हणायला इतकी वर्षं लागायचं कारण नव्हतं, पण लागली खरी. मला ते 'तू' फार आवडलं. त्या दिवशी संध्याकाळी पोळ्या करताना मी गाणं गुणगुणत होते, असं यजमानांनी दादाला फोनवर सांगितलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दरवाज्याच्या मध्ये एक बुरूज होता. तिथं शिपाई येत नसत. आम्ही दोघी तिथं बसायचो, म्हणजे आपापल्या घरात खुर्ची ओढून बसायचो, आणि समोर खोटी दरी, खोटे पक्षी बघत खऱ्या गप्पा मारायचो. तिथंच तिनं मला आईबद्दल सांगितलं.

"आम्ही रोज दुपारी पत्ते खेळत होतो, रमी," ती म्हणाली. "तुझ्या आई जोकर मांडीखाली लपवत."

"आई? आमची आई?"

"हो न. मले दिसे. मी काही म्हणत नोती. जितल्या की लय खूश राहत. एक दिवस मले म्हणे, तुझं रिद्धपूर तरी दाखव एकदा. मी ऑटो केला. दोघी गेलो, दर्शन घेतलं, येताना उसाचा रस पेलो. घरी कोणाले सांगतलं नाही."

भिक्षुकाच्या घरची सून, माझी आई, वहिनीबरोबर गुपचूप रिद्धपूरला जाऊन आली होती. मी चष्म्याच्या आत डोळे पुसायला गेले तर हात चष्म्यावरच आपटला. वाईट वाटलं नव्हतं मला. त्या दोघी मजेत होत्या आणि मला ते माहीतच नव्हतं, एवढंच. मी तिला त्या रस्त्याबद्दल, रसाबद्दल, आई ऑटोत कुठल्या बाजूला बसली होती याबद्दलसुद्धा विचारत राहिले. ती सांगत राहिली. त्या दिवशी आम्ही पुढं खेळलोच नाही.

तिसऱ्या दरवाज्यापाशी दोन राक्षस होते, दोघांच्या हातात गदा. महिनाभर आम्ही तिथंच अडकलो. उन्हाळा चांगला तापला होता. एका दुपारी गदा चुकवायला वहिनी मागं सरकली आणि मला धप्प असा आवाज ऐकू आला. "आई वं," ती म्हणाली, आणि मग काहीच ऐकू येईना. खेळात ती पायऱ्यांवर आडवी पडलेली दिसत होती. मी सवयीनं वाकून तिचा हात धरला. ती उठली नाही. मग माझ्या लक्षात आलं की ती खरी पडली आहे.

चष्मा काढून फोन लावला, तिनं उचलला नाही. दादाला लावला. तो कोर्टातून धावत घरी गेला. दिवाणाच्या कोपऱ्याला अडखळून ती पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं. मी दोन साड्या पिशवीत टाकल्या आणि मिळाली ती बस पकडली. मूर्तिजापूर, बडनेरा, सगळा रस्ता मी त्या पायऱ्या आठवत होते.

घरी पोचले तेव्हा दादा रागानं खोलीत फेऱ्या मारत होता. "बंद करा हा प्रकार," तो म्हणाला. "या वयात तलवारी कसल्या?"

"तुमी चूप बसा बरं," वहिनी पलंगावरून म्हणाली. हाताला प्लास्टर, चेहरा उतरलेला, पण आवाज ठणठणीत. "दिवाण मीच सरकवला नोता. खेळाचं काय चुकलं त्यात?"

मी राहिले, आणि बरेच दिवस राहिले. शिकेकाईनं तिचे केस धुतले, वेणी घातली. भाकरी करायला बसले तर तिनं दारातूनच सांगितलं, "कडा जाड ठेवून राहिली तू." बेसन तिच्या सांगण्याप्रमाणे केलं, सांभारही, म्हणजे कोथिंबीर, तिनं सांगितला तेवढाच घातला. दुपार झाली की ती म्हणायची, "तू खेळ न. मी पाह्यतो." मला दिसत होतं ते टीव्हीवर दिसेल अशी सोय भाचीनं फोनवरून समजावून दिली. मग मी एकटी लढायची आणि वहिनी उशीला टेकून सूचना द्यायची. दादा आधी पेपरामागं बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पेपरामागून आवाज आला, "उजवीकडून येतोय बघ तो." त्यानंतर तो कोर्टातून लवकर यायला लागला.

प्लास्टर निघालं तेव्हा मी अकोल्याला परतले होते. पुन्हा खेळायला उभ्या राहिलो तर वहिनी म्हणाली, "तलवार मले दे. डाव्या हाताची सवय झाली आता. ढाल तू घे."

"मारणं जमेल तुला?"

"लाकूडच त हाये."

ढाल हातात घेतल्यावर मला कळलं, इतके महिने ती काय करत होती. ढालवालीला शत्रूकडे बघून चालत नाही, पुढच्या बाईच्या पायांकडे बघावं लागतं. ती कुठं वळणार ते तिच्या आधी ओळखावं लागतं. पहिले आठ दिवस मी तिला सारखा मार खाऊ दिला. तिनं एकदाही कुरकुर केली नाही. मग हळूहळू मला तिची चाल उमगली.

पोळ्याच्या आसपास, एका साध्याशा दुपारी, ते दोन्ही राक्षस एकामागून एक कोसळले. "लोट आता," वहिनी म्हणाली. दोघींनी दरवाजा लोटला. आत एक मोठं तळं होतं. कमळं, बगळे, पलीकडे डोंगर. बाकी काही नाही.

"बस? एवढंच?" वहिनी म्हणाली.

"एवढंच दिसतंय."

आम्ही काठावर बसलो. बसून बरं वाटत होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझ्याकडं येऊ का चार दिवस?"

काही कारण नसताना ती माझ्या घरी कधी राहायला आली नव्हती. मुंगवड्यांचा डबा, घरचं लोणचं आणि एक मऊ धुतलेली चादर घेऊन ती आली. चष्मा आणलाच नाही तिनं. दोन दिवस बाजारात फिरलो. तिसऱ्या दिवशी तिला खरा किल्ला बघायचा होता, म्हणून बाळापूरला गेलो. ती दरवाज्याखाली मान वर करून बराच वेळ उभी राहिली, मग आम्ही तटावर चढलो. खाली किल्ल्याजवळून वाहणाऱ्या दोन नद्या पाणी घेऊन चालल्या होत्या. तटाच्या सावलीत बसून आम्ही घरून नेलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. दादाचा फोन आला, तो मी उचलला.

"परवा शुक्रवारी किती वाजता येतेय ती?" त्यानं विचारलं.

मी वहिनीकडं पाहिलं. तिनं तोंडातला घास संपवला, पाणी प्याली.

"त्याइले सांग," ती म्हणाली, "सोमवारनंतर पाहू."