ब्रॉन ट्रिगिअरचा काळा धूर

ब्रॉन ट्रिगिअरला भुवया नाहीत. भट्टीच्या तोंडाशी वाकून त्या जळतात, उगवतात, पुन्हा जळतात. तिनं त्यांची आशाच सोडली आहे.

तिचा बाप आमच्याबरोबर कोळशाच्या खाणीत उपसायंत्रावर होता. ब्रॉन मेलबर्नला शिकली आणि परत येऊन इथल्या विद्यापीठात, कुंभारकामाच्या विभागात लागली. तिथली लाकडावर चालणारी मोठी भट्टी तिच्या ताब्यात. खाण आणि तिच्यावर चालणारं वीजकेंद्र बंद पडून आम्ही खाणवाले, बॉयलरवाले सगळे घरी बसलो, तेव्हा शनिवारी भट्टी गावाला द्या म्हणून ती विद्यापीठाच्या मागे लागली. त्यांनी भट्टी दिली, शिवाय प्रयोगशाळेत आमची मातीही तपासून दिली. कोळशाच्या थरावरची ही माती आम्ही जन्मभर कचरा म्हणून उपसून टाकली होती. तिच्या चांगल्या फरशा होतात, हे त्या लोकांनी शोधलं.

ब्रॉनचा नियम एकच. सरपण फोडल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. डॉक्टरीण असो की पाववाला, आधी कुऱ्हाड. कष्टाच्या बाबतीत मी सहसा कुणाची तारीफ करत नाही. तिची करतो.

त्या वर्षी जुन्या सिनेमागृहाचं नाटकघर होणार होतं. त्याच्या दर्शनी भिंतीवर कोळशाचा काळा थर दाखवायचा, फरशांचा. गावात घरटी एक फरशी घडवली गेली. विभागप्रमुख डॉ. वॉरिकबाईंनी ब्रॉनला स्पष्टच सांगितलं, "विद्यार्थ्यांनाच भट्टी पुरत नाही. ही भिंत नीट झाली, तर गावाचा शनिवार मी वरून कायमचा मंजूर करून आणते. फसली, तर माझं कुणी ऐकणार नाही."

भट्टी पेटली. दुपारची पाळी क्लेम रज्जची होती. क्लेमनं उभं आयुष्य बॉयलरवर काढलेलं. मी शेजारी लाकडं फोडत होतो. ब्रॉन तास घेऊन परतली, हातात मटणाची पॅटिस, आणि वर बघून थबकली.

"क्लेम, धूर कुठाय?"

"माझ्या पाळीत धूर?" क्लेमची छाती फुगली. "बघ की पोरी, धुराडं कसं धुतल्यासारखं आहे! राख ओढली, हवेची झडप सताड उघडली. धूर दिसला की साहेब आमचा पगार कापायचा."

"अरे बाबा, आपल्याला वीज करायची नाहीये! हवा कोंडून धूर आत फिरवला तरच ही माती काळी होते. अशी तर विटेसारखी नारिंगी निघेल."

क्लेमचा चेहरा पडला. ब्रॉननं हातातलं खाणं लाकडांवर ठेवलं आणि भट्टीच्या भोकातून आत पाहिलं. फरशांवरची झिलई अजून वितळली नव्हती. वितळली असती, तर मातीला धूर लागायचा मार्गच बंद झाला असता. तिनं झडप जवळजवळ मिटवली. आता आच चढू द्यायची नाही, उतरूही द्यायची नाही, धूर मात्र सतत हवा. त्याला सरपण भरपूर लागणार होतं. तिनं वॉरिकबाईंना फोन लावला.

"फरशा धोक्यात आहेत. चूक माझी. धूर का हवा, ते मी क्लेमला सांगितलंच नव्हतं."

क्लेम कोट चढवून फाटकाकडे निघाला होता.

"कुठं निघालास?" ब्रॉन ओरडली. "आच एका जागी धरून ठेवणं तुझ्याइतकं इथं कुणाला जमतं? बस खाली."

थोड्या वेळात वॉरिकबाई वर्ग सोडून विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. काही न विचारता त्यांनी कुऱ्हाड उचलली. लाकूड चांगलं फोडतात. धुराड्यातून काळे लोट निघू लागले आणि क्लेमनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"मला बघवत नाही रे हे."

"बघू नकोस. झडप धर," मी म्हणालो.

भट्टी निवल्यावर विटांनी चिणलेलं दार फोडलं. बहुतेक फरशा कोळशासारख्या निघाल्या, खोल काळ्या, तपकिरी झाक असलेल्या. दाराजवळच्या ओळीतल्या मात्र नारिंगी. त्यात क्लेमचीही होती. ब्रॉननं त्या बाजूला काढल्या.

"लावून टाकल्या तर?" वॉरिकबाईंनी विचारलं. "उद्घाटन तोंडावर आलंय."

"नाही. त्या घरांनी पुन्हा घडवायच्या."

"भिंतीत भोकं दिसतील, ब्रॉन. विद्यापीठाचे वरचे लोक येणार आहेत बघायला."

"दिसू देत. बाकीचा थर तर बघतील ना?"

वॉरिकबाईंनी एक काळी फरशी उचलली, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, बराच वेळ हातात ठेवली.

भिंत भोकांसकट उभी राहिली. वरचे लोक आले, त्यांनी बोट दाखवून विचारलं, या जागा रिकाम्या का? वॉरिकबाई म्हणाल्या, "काम चालू आहे. गावाला भट्टी अजून लागणार आहे." शनिवार मंजूर झाला.