मूळचे कुठले?

पुरणात जायफळ किसत होते. दाराशी नवे शेजारी माझ्या लेकीला विचारत होते, "तुम्ही मूळचे कुठले गं?"

"करामा, अंकल," तिने आम्ही राहतो त्या वस्तीचंच नाव सांगितलं.

जायफळाच्या त्या वासात आखातातल्याच फुजैरा बंदरातलं आमचं जुनं घर आठवलं. मी शाळेत होते, बाबा बंदरात नोकरीला. होळीला त्यांनी एका जहाजाच्या चीफ इंजिनिअरना जेवायला आणलं होतं. ते सेंट हेलेनाचे, म्हणजे अटलांटिकमधल्या चिमुकल्या बेटावरचे.

"नेपोलियनचं बेट!" बाबा खूश झाले. मग प्रत्येक पाहुण्याला विचारायचे तसं त्यांनाही विचारलं, "पण मूळचे कुठले?"

"ठाऊक नाही," पाहुणे शांतपणे म्हणाले. "इंग्रजांच्या आरमाराने गुलामांचं एक जहाज पकडलं आणि त्यातली माणसं सोडवून आमच्या बेटावर उतरवली. त्यात माझ्या आईची पणजी होती, एवढीशी पोर. पुढे बोअर युद्धातले कैदी आले आणि युद्ध संपल्यावर आपापल्या गावी गेले. तिचं गाव कुणी विचारलंच नाही."

आईचा वाढता हात थांबला. बाबांनी मान खाली घातली. पाहुण्यांनीच मग आम्हाला सावरलं. "तुमचं गाव कुठलं?" त्यांनी विचारलं. बाबांनी चाचरत नाव सांगितलं. ते पाहुण्यांनी पुन्हा सांगायला लावलं, स्वतः म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे."

तेव्हा मला बाबांची लाज वाटली होती.

आज मी लगबगीने दाराशी गेले. "नाही हो, ती लहान आहे. आम्ही मूळचे..." आणि बाबांसारखीच मीही चाचरले. त्यांचं ते गाव मी कधी पाहिलंच नव्हतं.