वरून ओतलेलं पाणी

लोणारचं तळं निदान प्रामाणिक आहे. काठापर्यंत उतरायच्या आधीच त्याचा कुजका वास नाकात शिरतो आणि ते पाणी तोंडात घ्यायची कुणाची छाती होत नाही. आमच्या माठातल्या पाण्याला वास नव्हता. नितळ, गार पाणी. त्याची मला आजही किळस येते.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमच्या मळ्यातली विहीर तळाला गेली. पोहऱ्यात गाळ यायचा, बेडकं यायची, फडक्यावर लालसर किडे वळवळायचे. आई ते गाळून वर तुरटी फिरवायची आणि आम्ही नाक न मुरडता प्यायचो. मग तेही संपलं. पाणी उरलं ते फक्त बौद्धवाड्याच्या विहिरीला. गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, म्हणून ती त्या लोकांनी स्वतः खणली होती.

वडील तिथं गेले, हात जोडून म्हणाले, "पाण्याले काई जात असते का, बाप्पा?" कुणी नाही म्हटलं नाही. परत येताना शेजारी भेटला, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "अडला हरी..." पुढचं बोलावंच लागलं नाही. दोघं खो खो हसले.

रोज सकाळी घागर घेऊन मी जायचे. आमच्या शेतात निंदायला येणारी एक बाई तिथं असायची. "सरक पोरी, तुह्या हाताले फोडं येतीन," म्हणून माझ्या हातातला दोर घ्यायची. घागर एका हातानं धरायची, तिच्या काठाला पोहरा टेकवून भरायची. थेंब सांडायचा नाही. ती आमच्या घागरीला शिवते हे मी घरी कधी सांगितलं नाही आणि त्याची मला फार घमेंड होती. घरी आई त्या पाण्यात गोमूत्राचे दोन थेंब टाकायची.

"किड्याच्या पाण्यात नाही टाकलं ते?" मी एकदा विचारलं.

"लय शिकली तू," आई म्हणाली.

मी मॅट्रिकला होते. घरातले सगळे ढोंगी आणि मी तेवढी निराळी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

एका दुपारी ती बाई दुष्काळी कामावरून, खडी फोडून येत होती. आमच्या ओट्याखाली टेकली. "घोटभर पाणी दे वं, पोरी." मी आतून तांब्या आणला. तिनं ओंजळ धरली, मी ओतलं. पिऊन झाल्यावर दारातल्या आईकडे बघून ती हसत म्हणाली, "बाई, सकाळी म्याच काढलं होतं हे पाणी."

"हाव," आई म्हणाली. "पाण्याले जात नसते बाई. भांड्याले असते."

माझं डोकं फिरलं. आईला तोडून बोलायला मी तोंड उघडलं, तर ती बाई माझ्या हाताकडे बघत होती. तांब्या मी खांद्याइतका उंच धरला होता. तसा धर म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखा माझ्या हातातून दोर घेतला. पोहरा वर आला. तिनं घागरीला हात लावला नाही. पोहरा खांद्याइतका उंच धरला आणि वरून ओतलं. निम्मं पाणी दगडावर सांडलं.