पंच म्हणून सही

त्या दुष्काळात गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती. ती आमच्या गावची दूध सोसायटी चालवायची. वडील तिथं चाऱ्याच्या गंजीवर राखणदार होते आणि रोज दुपारी सोसायटीच्या चेअरमनसोबत बाजेवर बसून गांजा ओढायचे. चिलीम एकच, ओढणारे दोघं. पुडी चेअरमनच्या जीपमधून यायची. ती आली की वडील अगदी गरीब गाय. नाही आली की घरी येऊन, हाताला लागेल त्यानं आईला मारायचे.

एका सकाळी हाताला खुंटा लागला. आईचं मनगट मोडल्याचा आवाज मी दारात उभी राहून ऐकला. मी तेव्हा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होते, सुट्टीला आले होते. वडील छावणीवर गेल्यावर मी आईच्या हाताला फळी बांधली आणि तणतणत पोलीस चौकी गाठली. जमादार म्हणाला, "नवराबायकोचं हाय, ताई. आमी कावून मधी पडावं?" मग मी गांजाचं सांगितलं. दोघांची नावं सांगितली. त्यानं कागदावर एकच लिहिलं, हे मला दिसलं होतं. पण चेअरमन जागेवरच सापडल्यावर जाईल कुठं, असं मला वाटलं. इतकी बावळट मी.

दुपारी पोलिसांच्या मागोमाग मीही छावणीवर पोचले. चिलीम चेअरमनच्या हातात होती. जमादारानं ती प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी घेतली आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवली. मग कमरेचा पट्टा काढला. वडील दावणीत पडले, उठले, पुन्हा पडले. त्यांचा दात तुटून शेणात गेला. रक्ताच्या वासानं म्हशी दावी ओढायला लागल्या. पंचनाम्याला दोन पंच लागतात. जमादार चेअरमनला म्हणाला, "अण्णा, तुमीच व्हा की पंच." अण्णांनी तांबरलेल्या डोळ्यांनी, ऐटीत सही ठोकली. दुसरी सही सोसायटीच्या सेक्रेटरीची.

"कायदा समद्यांला सारखाच हाय, पोरी," अण्णा मला म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पहिल्या दगडानं जीपची काच फोडली, दुसरा त्यांच्या कपाळावर बसला. भुवईतून रक्त आलेलं पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिपायानं वेणीला धरून मला फरपटत गाडीत घातलं. चौकीत या वेळी लिहून घ्यायला कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

संध्याकाळी आई आली. अण्णांच्या पाया पडून आली होती, म्हणून मला सोडलं. बाहेर आल्याबरोबर तिनं चांगल्या हातानं माझ्या थोबाडीत ठेवून दिली.

"माज्यासाटी कागुद लिवायला आलीस आन् त्यांच्यासाटी दगुड उचललास," ती म्हणाली. "माजा हात मोडला तवा तू दारातच होतीस ना? तवा कावून न्हाई उचललास?"

आत कोठडीत वडील विव्हळत होते आणि त्या क्षणीही मला कीव येत होती ती त्यांचीच. सकाळी दगड उचलावा, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. बाप होता तो माझा.