बोयच्या पोटातलं शेवाळ

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मासे चिरतोय. कंटाळा आलाय, खरं सांगतो. पण बोय चिरायला मला शिकवलं ते कुठल्या प्राध्यापकाने नाही, मुलुंडच्या बाजारात मासे विकणाऱ्या सगुणामावशीने.

"जयवंत, बोय खाडीचा चिखल गिळते. चावायला दात कुठं हायत तिला?" असं म्हणून तिने माशाच्या पोटातली सुपारीएवढी कडक गाठ माझ्या हातावर ठेवली होती. ही गाठ म्हणजे बोयचं जठर. गिळलेल्या रेतीनेच आतलं शेवाळ दळायचं, मग अंगापेक्षा कितीतरी लांब आतड्यात ते जिरवायचं. चिखलातून पोट भरायचं म्हणजे चेष्टा नाही रे महाराजा!

गिऱ्हाइकं गाठ टाकून देतात. मावशी घरी नेऊन भाजते. सध्या तर रोजच, कारण सून दिपाली पोटुशी आहे आणि तिच्या पोटात दुसरं काही ठरत नाही. "दोनदा गेलं रे पोरीचं. या वेळी टिकू दे," एवढंच मावशीचं मागणं. गाठीत हिरवे तंतू दिसले की बाई खूश. बोय शेवाळावर चांगली चरलीय म्हणायची आणि ते धुवायचीसुद्धा नाही.

काल वर्गासाठी तिच्याच बोया चिरल्या. हिरवा तंतू भिंगाखाली धरला, तर शेवाळ कसलं, डोंबल! दिव्यावर धरला तसा प्लास्टिकसारखा वितळून चिमट्याला चिकटला. मला रात्रभर झोप नाही. सांगायचं कसं त्या बाईला?

सकाळी बाजारात गेलो. तिच्यासमोरच काडी पेटवून दुसरा तंतू जाळून दाखवला. मावशीने उरलेलं टोक चिमटीत चोळलं आणि कोयता खाली ठेवला.

"जाल्याचा दोरा हाय हा. आमचंच जालं. खाडीवर बसून मीच सांधते, कापलेली टोकं पाण्यात झटकते," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मग तिने घाईघाईने फोन लावला. स्पीकर मीच चालू केला.

"दिपाली, डब्यातली गाठ खाऊ नको गं!"

"खाल्ली की, आई," पोरीचा आवाज कधी नव्हे तो हसरा होता. "आणि आज बघा, सगळं पोटात राहिलंय."