मच्छरदाणीतली गिटार

त्या दुपारी मी घाटकोपरला आमच्या गच्चीवर कुरडया उलटत बसले होते. आमचे हे ऑफिसातून भर दुपारी कधी येत नाहीत. आले ते जिना चढून थेट गच्चीवर, बूट न काढता, कुरडयांच्या धोतरावर पाय देत. मी ओरडणारच होते, पण यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली कुरडई खाली ठेवली. वसंता गेला, म्हणाले. माझा धाकटा भाऊ, बत्तीस वर्षांचा. ज्याला साधी सर्दी झाली तरी अख्ख्या मुलुंडला कळायचं, तो कचेरीत डबा उघडून जेवायला बसला आणि शेजारच्याशी बोलता बोलता टेबलावर मान टाकली. डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाही. मी यांना म्हटलं, अहो, असं कसं होईल, परवा रविवारी तर आपल्याकडे आला होता, रंगाचा डबा घेऊन गेला... आता महिना उलटून गेला, तरी मी अजून तेच म्हणते आहे. असं कसं होईल?

रंगाचा डबा कशाला, ते सांगते. वसंताकडे विजेवर वाजणारी एक जुनी गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवायची, त्या जातीची. बँडमध्ये वाजवणारा त्याचा एक गोवेकर मित्र परदेशी जाताना ती याच्याकडे ठेवून गेला. काळ्या रंगाला पोपडे आलेले, कोपऱ्यात सिगारेटचा डाग. तिला पोकळ पोट नाही, काही नाही, नुसती जाड फळी. आई म्हणाली, हे काय रे, पाटा उचलून आणलास का? तिची वायर तो घरातल्या रेडिओला जोडायचा. पहिले काही महिने असे चीत्कार निघायचे की शेजारचे विचारायला येत, रेडिओ बिघडला का हो? पण हळूहळू हात बसला. मग एखाद्या भावगीताची चाल तो अशी लांबवत न्यायचा की आईची चुलीवरची आमटी उतू जायची. मेला रडवतो बघ, म्हणायची आणि पदर डोळ्यांना लावायची. एवढं कौतुक तिनं माझं कधी केलं नाही, हे मी आजही जरा रागानंच लिहिते आहे.

गेल्या कोजागिरीला मुलुंडच्या मंडळींनी त्याचा कार्यक्रम ठरवला. माझी भावजय कुसुम सांगून दमली की गिटार आहे तशीच छान दिसते. पण नाही, साहेबांना ती नवीकोरी दिसायला हवी होती. घाईघाईनं तिला लाल रंग फासला आणि खिडकीशी वाळत ठेवली. आणि आला दसरा. दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना आमची आई घरातलं काही म्हणजे काही वगळत नाही. विळी, अडकित्ता, कुसुमचं शिवणाचं मशीन, वसंताची सायकल... आणि गिटार म्हणजे तर लेकाची विद्या. सकाळी अंघोळ करून तिनं गिटारीवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला आणि हात टेकवून नमस्कार केला. रंग वरून कोरडा, आतून चिकट. वसंता उठून बघतो तर रंगात तांदूळ रुतलेले, पाकळ्या चिकटलेल्या आणि आईची बोटं उमटलेली. कोजागिरी बुडाली. वसंता ओरडणाऱ्यातला नव्हता, म्हणूनच त्याचं ते एक वाक्य लागलं.

"आई, यापुढे माझ्या गिटारला हात लावायचा नाही."

आईनं ते पाळलं. केर काढताना गिटारीला वळसा घालायची. एकदा अवेळी पाऊस खिडकीतून आत आला, तर कुसुमला हाका मारून बोलावलं, स्वतः बोट लावलं नाही. वसंतानं काचकागद घासून सगळा रंग तांदळांसकट खरवडून काढला आणि ती उघडी फळी कपाटावर टाकून दिली. मायलेक जेवत होती, बोलत होती, फक्त गिटारीचं नाव कुणी काढत नव्हतं. मी मुलुंडला गेले की दोघांना झापायची. हा म्हणे, तिला विचार. ती म्हणे, त्यालाच विचार. खाण तशी माती, दुसरं काय! असं अर्धंअधिक वर्ष त्या घरात सूर म्हणून लागला नाही.

आणि मग तो रविवार. आमच्या दारांना लावलेला मोरपंखी रंग डब्यात उरला होता, तो मागायला वसंता आला. स्वारी खुशीत होती. वाटीभर कुरडयांचा चीक खाल्ला, आणखी मागितला. गिटार पुन्हा रंगवायला घेतोय, म्हणाला. मुलुंडचे डास ओल्या रंगावर येऊन बसतात आणि तिथेच मरतात, म्हणून या खेपेला ती पाळण्याच्या कडीला टांगून भोवती मच्छरदाणी सोडणार होता. मच्छरदाणी कुणाची, तर आईची. त्यानं मागितली नव्हती. त्याचा खटाटोप बघून तिनंच आपल्या अंथरुणावरची सोडून, घडी करून त्याच्यापुढे ठेवली होती. कालपासून डास तिला फोडून खातायत गं, म्हणाला. मग एकदम म्हणाला, "ताई, या दसऱ्याला मी आईच्याच हातानं कुंकू लावून घेणार. पण तिला आत्ता सांगू नकोस हं. उद्यापासूनच वाटी घेऊन बसेल." आम्ही दोघं खूप हसलो. जाताना डब्याचं झाकण नीट बसेना म्हणून त्यानं ते माझ्या पायपुसण्यावर उभं राहून टाचेनं दाबलं.

मी मुलुंडला पोचले तेव्हा त्याला अजून आणायचं होतं. बाहेरच्या खोलीत मधोमध ती मच्छरदाणी, आत गिटार. त्याच दिवशी सकाळी, कचेरीला जाण्याआधी, त्यानं तिला रंगाचा पहिला हात दिला होता. घरभर त्याचा वास. त्याला आणल्यावर ठेवायला जागा हवी होती. कुणीतरी म्हणालं, हे आधी खाली घ्या. आई उठली. तिला कसलंच भान नव्हतं. मच्छरदाणी आपली, दोरी आपण सोडावी, एवढंच बहुतेक तिच्या मनात असेल. तिनं हात वर केला, आणि इतका वेळ भिंतीशी दगडासारखी बसलेली कुसुम म्हणाली, "हात लावू नका. रंग ओला आहे."

कुसुम हे आईला उद्देशून बोललीच नव्हती. तिनं समोर पाहिलंसुद्धा नव्हतं. पण आईचा हात तव्याला लागल्यासारखा मागे आला. मच्छरदाणी तशीच राहिली. वसंताला तिच्या शेजारी, जरा तिरपं ठेवलं, आणि येणारे लोक तिला वळसा घालून त्याच्या पाया पडले. त्याच्या नखांत आमच्या दाराचा रंग होता. मी तोच बघत बसले. रंग अजून ओला होता आणि माझा भाऊ थंडगार पडला होता, हे माझ्या डोक्यात आजही शिरत नाही.

तेरावा झाला तरी ती मच्छरदाणी कुणी काढली नाही. आई उघड्यावर निजते, दंडांवर डासांच्या गांधी. कुसुमनं माहेराहून दुसरी आणली, तर आई नको म्हणाली. मला राहवेना. कुणाला वचन दिलंय म्हणून गप्प बसू, आणि कुणासाठी? एका सकाळी मी आईला वसंताचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. दसऱ्याचं, कुंकवाचं, वाटीचं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"तू चांगली आहेस गं," म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मी शपथ घ्यायला लागले तर माझा हात धरला, शपथ घेऊ नकोस म्हणाली. मला साक्षीला कोण? कुसुमलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. गाढवा, मेल्या, माझ्या कानात कशाला सांगत बसलास? त्याच पावली घरी जाऊन आईला सांगायला तुझं काय जात होतं? चांगली दोन पावलांवर होती ती, स्वयंपाकघरात...

गेल्या रविवारी पुन्हा गेले. आईच्या देखत मच्छरदाणी उचलली, आत शिरले आणि गिटारीवर अंगठा जोरानं दाबून तिला दाखवला. "आई, बघ. खडखडीत वाळलाय. ये, लाव हात."

ती आली, अगदी जवळ आली. जाळीतून माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

"तुला म्हणालाही असेल," ती म्हणाली. "मला नाही ना म्हणाला."

मी बाहेर आले. तिनं खाली वाकून मच्छरदाणीची कड सारखी केली, आत बोटसुद्धा जाऊ न देता.