औशाच्या मठातला हातपंप

मे १९८६, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लातूरच्या औसा रस्त्यावर सिद्रामप्पा लेथवर हातपंपाची झडप कातत होते. साधी, बिनआकड्याची.

आकडा, म्हणजे झडप वर ओढायचा हूक, हा त्यांचाच शोध. झडप बिघडली की बोअरमधल्या सगळ्या नळ्या उपसाव्या लागत. झडपेच्या डोक्यावर आकडा असला की वरून गळ सोडून एकटा माणूस ती अर्ध्या तासात काढी. जिल्हा नवा, पाणी खोल गेलेलं. गावोगाव पंप बंद पडत होते.

जानेवारी १९८४मध्ये त्यांनी पेटंटचा पहिला कागद दिला. त्यात झडप होती, आकडा नव्हता. तो फेब्रुवारीत सुचला. शिवरात्रीला त्यांनी आकड्याचा पहिला पंप औशाच्या मठात बसवला. आकड्यासह पूर्ण कागद डिसेंबरात गेला. मधे ऑगस्टमध्ये एका कंपनीनं तसाच आकडा नोंदवला होता.

सिद्रामप्पांनी कंपनीच्या पेटंटवर हरकत घेतली. लेखी म्हणणं एकच: माझा कागद आधीचा. कंपनीच्या सहा महिने आधीपासून मठात आकडा उघड वापरात होता, याचा उल्लेख नव्हता. दासोहात, मठाच्या सेवेला, दिलेलं आपलं म्हणून सांगायचं नाही, ही घरची रीत. त्यांनी वकिलालाही सांगितलं नाही.

मुंबईच्या पेटंट कचेरीतल्या सुनावणीत पहिल्या कागदात आकडा नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा ते उभे राहिले.

"साहेब, शिवरात्रीपासून मठात पंप चालू हाय. सारं गाव पाणी भरतंय."

"हे हरकतीत कुठं आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

"पुराव्यात?"

"न्हाई, साहेब."

"मग आता घेता येणार नाही. समोरच्यांना उत्तराची संधी मिळालेली नाही. मुदत संपून वर्ष झालं."

अधिकाऱ्याचा आवाज चढला नव्हता. मठात कुणी पाहायला गेलं नाही.

घरी त्यांनी बायकोला, गौरम्मांना, सगळं सांगितलं.

"दोन वर्सं तुम्ही तोंड शिवून बसले," त्या म्हणाल्या. "अन् शेवटी बोलले ते बी परक्यांसमोर. दान बी गेलं, आकडा बी गेला."

"हाव," सिद्रामप्पा म्हणाले.

निकाल गेल्या सोमवारी टपालानं आला. आकड्याचा हक्क कंपनीचा. तिच्या परवानगीशिवाय तो कुणाला बनवता येणार नाही. सिद्रामप्पांनी तयार असलेले अकरा आकडे भट्टीत वितळवले.

उद्या सात वाजता भादा गावचा पंप उघडायचा आहे. बारा नळ्या एकेक करून वर काढाव्या लागतील. चार माणसं सांगून ठेवली आहेत.